सहा ओळींची शिफारस

माझ्या उभ्या आयुष्यात मी शिफारसपत्र एकच लिहिलं आणि ते मनापासून लिहिलं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणेल, म्हातारीला पोरीचं बरं बघवलं नाही. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातलं आमचं गाव तोलकाकेट, तिथल्या दवाखान्यात मी अडतीस वर्षं आरोग्यसेविका होते. गावात डॉक्टर कधीच नव्हता. टाके घालण्यापासून मेलेल्याचे डोळे मिटण्यापर्यंत सगळं माझ्याच हातून व्हायचं. कोणाचं पोट बिघडलंय, कोणाचं डोकं फिरलंय, सगळं मला ठाऊक. पण कागदावर कोणाबद्दल चार चांगले शब्द लिहायची वेळ एकदाच आली, आणि ती ट्रीनासाठी.

ट्रीना माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आमच्यात कूळ आईकडून चालतं, म्हणजे मावशी ही आईच. बहीण गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की थेट दवाखान्यात यायची, स्टुलावर बसायची आणि मला प्रश्नांनी भंडावून सोडायची. माणूस थंडीने मरतो तेव्हा आधी काय थांबतं? एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन, एकालाच जुलाब का होतात? मी म्हणायची, बाई गं, मला आधी हे जुलाब थांबवू दे, मग कारण शोधू. ती गप्प बसायची, पण प्रश्न सोडायची नाही.

ती सोळाची झाली त्या उन्हाळ्यात विद्यापीठाची माणसं छोट्या विमानातून खोकी घेऊन उतरली. तशी दरवर्षी कोणी ना कोणी उतरायचंच. आमचं रक्त घ्यायचे, केस घ्यायचे, माशांचे तुकडे, कुत्र्यांची लाळ घ्यायचे, आभार मानायचे आणि जायचे. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळायचं नाही. या खेपेला त्यांच्या पुढारी होत्या डॉ. इंग्रिड हॉल्वर. उंच, हाडकुळ्या, वाकून बोलणाऱ्या बाई. समाजगृहात त्या म्हणाल्या की आम्हाला आता नमुने नकोत, नमुने तपासणारी माणसं हवीत, आणि ती इथलीच हवीत. माझा थोरला भाऊ क्लेमेंट मागच्या बाकावरून म्हणाला, "आजवर डास यायचे, रक्त पिऊन जायचे. आता म्हणतात, तुम्हीच डास व्हा." सगळे हसले. हॉल्वरबाईही हसल्या, तेव्हापासून त्या मला आवडल्या.

दोन आठवडे त्यांनी गावातल्या सात पोरांना शिकवलं. मासेमारी सुरू झाली तशी सहा पोरं होडीत बसून गेली. सातवी राहिली. जाताना बाईंनी एक मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्यांची पेटी माझ्या दवाखान्यात ठेवली आणि चावी ट्रीनाच्या हातात दिली.

आमच्या गावात दर वसंतात, बर्फ फुटायच्या सुमाराला, जुलाबाची साथ यायची. लहान पोरं वाळून जायची. एक-दोन विमानाने शहरात न्यावी लागायची, आणि एका वर्षी त्यातलं एक परत आलं नाही. आम्ही म्हणायचो, हवा बदलते, पोटं बिघडतात. ट्रीना घरोघर जाऊन विचारू लागली की पाणी कुठून आणता. कोण नदीच्या बर्फाला भोक पाडून काढतं, कोण मागच्या ओढ्यातून आणतं, ते सगळं तिने वहीत लिहिलं. प्रत्येक घराचं पाणी काचपट्टीवर घेऊन ती एक डोळा मिटून तासन्‌तास मोजत बसायची. तिसऱ्या वर्षी तिने गावाचा नकाशा काढून माझ्यापुढे ठेवला. आजारी पडलेली घरं लाल, धडधाकट घरं निळी. लाल घरं सगळी ओढ्याचं पाणी पिणारी होती, आणि तेही बीव्हरने, म्हणजे झाडं कुरतडून ओढा अडवणाऱ्या त्या जनावराने, बांधलेल्या बांधाच्या खालचं, जिथे त्याची घाण वाहत यायची.

एकोणीस वर्षांची पोर. इतक्या वर्षांत मला जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं. मी नकाशा बघितला, घडी घातली आणि म्हटलं, "बरं दिसतंय." तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

तिने गावात डांगोरा पिटला नाही. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबांकडे जाऊन एवढंच म्हणाली की यंदा पाणी बांधाच्या वरून आणलं तर कदाचित बरं पडेल. बाबांनी आणलं, मग सगळ्यांनी आणलं. त्या वसंतात विमान एकदाही बोलवावं लागलं नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच.

आता हे बोलायचं नसतं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे नशीब हे रानातल्या जनावरासारखं असतं, त्याला सगळं ऐकू येतं. मी अमुक करीन म्हणालात, की ते झाडीत शिरलंच. शिकारीला निघालेला माणूस म्हणतो, जरा नदीकडे फिरून येतो. आम्ही बायका तर हिवाळाभर बिळात झोपणाऱ्या त्या मोठ्या काळ्या जनावराचं नावही घेत नाही. क्लेमेंटने तरुणपणी एकदा सगळ्यांसमोर फुशारकी मारली होती की यंदा पहिल्याच आठवड्यात दोन मूस पाडतो. मूस म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, एक पडलं की घराचा हिवाळा निघतो. त्यानंतर तीन शरद ऋतू त्याला मूसची शेपूटसुद्धा दिसली नाही. आम्ही त्याच्या घरी मांस पोचवायचो आणि तो खाली मान घालून घ्यायचा. तेव्हा ज्याच्यावर आपला जीव आहे त्याची स्तुती करू नये, तोंडावर तर नाहीच, आणि पुढचं भाकीत तर मुळीच करू नये, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

तर त्याच वर्षी हॉल्वरबाईंचा निरोप आला. विद्यापीठात एक नवी जागा निघाली होती. चार वर्षं शिक्षण, प्रयोगशाळेत काम, राहणं-खाणं, आणि शेवटी आपल्याच गावात परत येऊन संशोधन चालवायचं. उत्तरेतल्या सगळ्या गावां-शहरांतून एकाच मुलाला घेणार होते. ट्रीनाने अर्ज भरला. तिला ओळखणाऱ्या कामाच्या जागच्या माणसाचं पत्र हवं होतं, म्हणजे माझं.

पाच दिवस मी त्या पत्रावर घालवले. पहिल्या खेपेला नकाशाबद्दल लिहिलं, आणि वाचताना अंगावर काटा आला. पोरीने साथ थांबवली, असं कागदावर लिहायचं? आणि पुढच्या वसंतात साथ परत आली तर? कागद चुलीत टाकला. शेवटी जे उरलं ते असं होतं:

ट्रीनाला मी तिच्या जन्मापासून ओळखते.
ती सकाळी लवकर उठते.
ती पाणी बघते.
चुकलं तर कोणी न सांगता पुन्हा करते.
ती मागे असली की मला वळून बघावं लागत नाही.
प्रयत्न केला तर कदाचित तिला जमेल.

ती पाचवी ओळ लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. हिवाळ्यात रानातल्या बर्फावरून कुत्र्यांची स्लेजगाडी हाकताना मागच्या माणसाकडे वळून बघावं लागू नये, याहून मोठं आमच्याकडे कोणाबद्दल काही म्हणत नाहीत. माझ्या नवऱ्याबद्दल मी ते त्याच्या मयताच्या जेवणात म्हटलं होतं, जिवंतपणी नाही. ट्रीनाबद्दल मी ते ती जिवंत असताना, एकोणिसाव्या वर्षी लिहिलं. जरा अतीच झालं, असं वाटून मी खाली ती सहावी ओळ जोडली, म्हणजे नशिबाला राग यायला नको.

दोन आठवड्यांनी दवाखान्यात फोन वाजला. हॉल्वरबाई होत्या. ट्रीना माझ्यापासून दोन हातांवर मोरीत काचपट्ट्या धूत होती. बाई म्हणाल्या की पत्र मिळालं, आभार, पण आणखी थोडं बोलायचं होतं. मुलगी कशी आहे? मी म्हटलं, शिकते आहे. तिने काही खास केलंय का, एखादी गोष्ट सांगता का? मी ट्रीनाच्या पाठीकडे बघितलं. नळ चालू होता, पण तिचे हात थांबले होते. मी म्हटलं, पाणी बघते, पत्रात लिहिलंय. मग बाईंनी जरा हळू आवाजात विचारलं, "फिलोमिना, ती असामान्य आहे, असं तुम्ही म्हणाल का?"

"नाही," मी म्हटलं, "असं मी म्हणणार नाही."

आणि ते खरंच होतं. मी म्हणणार नव्हते. म्हणण्याची रीतच नव्हती. ट्रीनाचे हात पुन्हा चालू झाले आणि मला वाटलं, झालं, निभावलं. बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

जागा शहरातल्या एका मुलीला मिळाली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगली शिकली म्हणे, आणि शिकून दक्षिणेकडे राहिली. ट्रीनाला छापील पत्र आलं की पात्र उमेदवार फार होते. तिने ते वाचून खिशात ठेवलं आणि मला विचारलं की आज कोणाचं ड्रेसिंग आहे का. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती योजनाच बंद पडली. माणसं येऊन मायक्रोस्कोप घेऊन गेली, यादीत त्याचा नंबर होता. ट्रीना दुकानात लागली, मग विमानतळावर. आमचा विमानतळ म्हणजे खडीची धावपट्टी आणि एक खोली. विमान आलं की सामान उतरवायचं, यादीवर खूण करायची. तिने लग्न केलं, दोन मुली झाल्या. मी स्वतःला सांगत राहिले की नशिबात नव्हतं. बिचाऱ्या नशिबावर मी तेरा वर्षं आळ घेतला.

गेल्या वर्षी विद्यापीठाला पुन्हा जाग आली. नवा पैसा, नवं नाव, तेच काम, उत्तरेतली पोरं संशोधनासाठी तयार करायची. या खेपेला त्यांनी ठरवलं की निवडीला गावातली जुनी माणसं बसवायची. मी निवृत्त, रिकामी. मला विद्यापीठाच्या शहरात, फेअरबँक्सला बोलावलं. लांब टेबल, गरम खोली, कडक कॉफी, आणि माझ्यापुढे शिफारसपत्रांची चळत. प्रत्येक पत्राला दहापैकी गुण द्यायचे होते.

मी वाचायला घेतली आणि आधी तर मला हसूच फुटलं. एकजात सगळे हिरे. वीस वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही. ही मुलगी आरोग्यविज्ञानाचा चेहरामोहरा बदलेल. हा मुलगा जन्मजात नेता आहे. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, एवढी सगळी देवमाणसं आपल्याच राज्यात असताना आमच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध दर महिन्याला संपतं कसं? तो हसला. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, हे मला ठाऊक होतं, पण सगळा बाजारच बोरांचा असतो हे मी प्रथमच पाहत होते.

मग एक छोटं पत्र हाताला लागलं. नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातल्या शाळेच्या रखवालदाराने लिहिलेलं. मुलगी फार बोलत नाही. सांगितलेलं ऐकते. तिच्या हातचं काम मी पुन्हा तपासत नाही. कदाचित बरं करेल. मी ते वाचलं आणि डोळे भरून आले. त्या माणसाला किती धीर करावा लागला असेल, ते मला दिसत होतं. टेबलाच्या टोकाला बसलेला अध्यक्ष, तरुण आणि भला माणूस, म्हणाला, "या पत्राला मी तीन दिलेत. लिहिणाऱ्यालाच खात्री दिसत नाही. त्याला नाही म्हणायचं होतं, पण मोकळेपणाने म्हणता आलं नसावं."

मी हातातला कप खाली ठेवला. तीन. मला माझ्या सहा ओळी डोळ्यांसमोर दिसल्या, आणि फोनवरचा तो आवाज ऐकू आला. तेरा वर्षांत एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की माझं बोलणं तिकडे उलटं पोचलं असेल. माणसाने एवढं मूर्ख असू नये.

मी बोलले. आमच्याकडे कसं बोलतात ते सांगितलं, त्या चार ओळींचा एकेक अर्थ लावून दाखवला. पाच मिनिटं लागली असतील. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, अध्यक्षाने तीन खोडून नऊ केले आणि त्या मुलीची निवड झाली. लोक माझं अभिनंदन करू लागले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, कारण एवढंच लागत होतं, पाच मिनिटं, आणि मी ती ट्रीनासाठी दिली नव्हती.

हॉल्वरबाई आता निवृत्त आहेत. त्या संध्याकाळी त्या मला भेटायला तिथे मुद्दाम आल्या होत्या. केस पांढरे झालेत, वाकणं तसंच. चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. "मला ट्रीनाच हवी होती," त्या म्हणाल्या. "निवडीच्या खोलीत बाकीचे तयार नव्हते. म्हणून मी फोन केला. तुमच्या तोंडून एखादं वाक्य मिळालं असतं तर मी ते घेऊन भांडले असते." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की मला समजायला हवं होतं, मी इतकी वर्षं तुमच्यात वावरले. चांगली बाई. दोष वाटून घ्यायला तयार होती, पण तो वाटला म्हणून कमी होत नव्हता.

घरी आले तेव्हा मूसच्या शिकारीचे दिवस होते. ट्रीनाच्या नवऱ्याला मूस मिळाला होता. ती स्वयंपाकघरात टेबलावर प्लास्टिक अंथरून मांस कापत होती. दुपारची वेळ, मुली शाळेत. मीही सुरी घेऊन समोर बसले. आधी एक फरा कापून झाला. मग मी सांगायला लागले. पत्र, फोन, तीन गुण, हॉल्वरबाई, सगळं सांगितलं. मधेच थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. शेवटी म्हटलं, "तुझी जागा माझ्यामुळे गेली. नशिबामुळे नाही. माझ्यामुळे."

ती चरबी वेगळी करत राहिली. "मी वाचलं होतं ते पत्र," ती म्हणाली. "मीच स्कॅन करून पाठवलं ना. तुला कुठे यायचं ते मशीन."

"वाचलंस? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? मला वाटलं, मावशीने जरा जास्तच लिहिलंय. ती वळून बघायची ओळ. मला लाज वाटली. खोडायला सांगणार होते." ती थोडी हसली. "मग वाटलं, राहू दे. पुन्हा कोण लिहिणार असं."

म्हणजे ती पत्राला भ्यायली होती, मी फोनला भ्यायले होते, आणि दोघी एकमेकींना सांभाळत बसलो होतो. मी म्हटलं की मी आता पत्र लिहिते, नवं, खरंखुरं, त्या लोकांच्या भाषेत लिहिते. तिने मान हलवली. नव्या योजनेला वयाची अट आहे, पंचवीस. ती बत्तीसची होती. तिने ते आधीच पाहून ठेवलेलं दिसत होतं.

"मला सांगायचं होतं गं तुला," मी म्हटलं. "तेव्हाच. रोज वाटायचं. पण सांगितलं आणि नजर लागली तर, नशीब पळून गेलं तर, म्हणून..."

तिने सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग आता सांग ना, मावशी," ती म्हणाली. "आता पळून जायला काय उरलंय?"

तेव्हा मी सांगितलं. ती किती हुशार होती ते, आणि मी अडतीस वर्षांत तिच्यासारखी नजर कोणाची पाहिली नाही ते. तिने दर वसंतातली साथ थांबवली, एकोणिसाव्या वर्षी, एकटीने, हे मोठ्याने, नाव घेऊन. तिची आई असती तर काय म्हणाली असती, तेही सांगितलं. सवय नसल्यामुळे शब्द अडखळत होते. ती खाली मान घालून ऐकत होती. मी थांबले.

"आणखी?" तिने विचारलं.

आणि मी आणखी सांगत गेले. पुष्कळ होतं.